हौदा उपसला तो दिवस

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. ग्रिल, शटर, टाकीचे स्टँड ही बारमाही कामं. मे संपत आला की सर्व्हिसवाल्यांच्या गाड्या यायला लागतात, कारण पावसाआधी प्रत्येकाला गाडीच्या हौद्यावर, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागावर, छत हवं असतं. अशीच एक पिकअप ठाण्याहून आली. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे पंप आणि प्लंबिंग सांभाळणाऱ्या कंत्राटदाराची. मागणी साधी: पत्र्याची कॅनोपी टाका, आत चार फळ्या मारा, संध्याकाळी गाडी द्या.

गाडी मागून बघितली तर डावीकडे बसलेली. चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंत टेप धरली. डावी बाजू उजवीपेक्षा ३० मिमी खाली होती. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत की माल एका अंगाला आहे, हे गाडी रिकामी केल्याशिवाय कळत नाही. त्याआधी वजनकाट्यावर नेऊन आणली. नोंदणी पुस्तकातलं रिकामं वजन वजा केल्यावर हौद्यात ७४० किलो निघाले, तेही ड्रायव्हरला खाली उतरवून. शेठचा, म्हणजे त्या कंत्राटदाराचा, अंदाज होता "असेल अडीचशे-तीनशे".

शेडसमोर ताडपत्री पसरली आणि सगळा हौदा उपसला. ढीग चार: रोज लागतं, आठवड्यातून लागतं, क्वचित लागतं, भंगार. कुठली वस्तू कुठल्या ढिगात, हे शेठ नाही, गाडीवरचे जुने प्लंबर सांगत होते. त्यांना सगळे मामा म्हणतात. रोजचा माल भरला १९० किलो, आठवड्याचा २१०. उरलेल्या ३४० किलोंत जळकी मोटार, गंजलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) फिटिंगची दोन पोती, फुटके फूट व्हॉल्व आणि टाइल्सचं एक खोकं होतं. टाइल्स कुणाच्या, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. १२० किलो भंगारात गेलं, २२० किलो गोडाऊनला.

ढिगांत नुकसान कुठे होतंय तेही दिसत गेलं. पत्र्याच्या एका डब्यात नट-बोल्ट आणि वॉशरांच्या सोबतीला पंपाचे मेकॅनिकल सील टाकलेले होते. सीलचं काम दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासून पाणी अडवण्याचं. एक कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. त्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की बोटाचं तेल किंवा धुळीचा कणही तिथे नको. डब्यातल्या एका कार्बन चकतीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला होता. असं सील बसवलं की पंप सुरू होताच शाफ्टपाशी पाणी ठिबकतं, आणि दोष मात्र सील बनवणाऱ्याच्या माथी. लोखंड कापायच्या कटिंग डिस्कचीही तीच कथा. डिस्कचे कण राळेने बांधलेले असतात; ओल लागली की राळ कमजोर होते आणि डिस्क फिरताना फुटू शकते. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते. ती बघून निम्म्या डिस्क तिथेच तोडून टाकल्या, म्हणजे कुणी परत उचलणार नाही.

आता मांडणी. गाडी डावीकडे का झुकली, याचं उत्तर घोडबंदर रोडवर आहे. आपण डावीकडून चालतो, गाडी डाव्या कडेला लागते, उजवीकडून डंपर आणि टँकर अंग घासून जातात. उजवा फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) उघडून उभं राहायची कुणाची छाती होत नाही. साहजिकच जे येतं ते डावीकडून चढवलं जातं आणि डावीकडेच राहतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सर्व्हिस गाड्यांत हाच घोळ असतो: वारंवार लागणारं आणि जड, हे दोन्ही एकच समजून एकाच जागी कोंबलेलं. दोन्हींचा हिशोब वेगळा करावा लागतो. डावी बाजू हलक्या आणि सतत लागणाऱ्या हत्यारांना दिली. उजवी बाजू खालून जड स्पेअरना: व्हॉल्व, फ्लँज, नॉन-रिटर्न व्हॉल्व. ते दिवसातून एखाद्या वेळी लागतात, तेव्हा मागून आत शिरून काढता येतात.

जड आणि तरीही वारंवार लागणाऱ्या वस्तू दोनच: पाणी उपसायचा पंप आणि छोटा जनरेटर. दोन्ही मिळून ९० किलोंच्या आसपास. उतरवायला सोपं म्हणून सगळे त्या मागच्या फाळक्यापाशी ठेवतात. उदाहरणार्थ, मागच्या ॲक्सलच्या मागे अर्धा मीटर २०० किलो ठेवले आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर धरलं, तर पुढच्या चाकांवरून ३३ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर २३३ येतात. आकडा छोटा वाटतो, पण ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागायला तेवढं पुरतं. म्हणून दोन्ही वस्तू ॲक्सलच्या किंचित पुढे घेतल्या आणि खाली सरकता ट्रे बसवला.

ट्रेला घरातल्या ड्रॉवरसारखे बॉलबेअरिंगचे चॅनल लावू नका. एका पावसाळ्यात त्यांत चिखल बसतो आणि ट्रे अर्ध्यात अडकतो. आम्ही ४० × ४० × ५ मिमीच्या अँगलवर ६ मिमी जाडीची नायलॉन पट्टी स्क्रूने बसवतो. स्क्रूचं डोकं पट्टीत बुडलं पाहिजे. त्यावर ट्रे घसरतो, पाण्याने धुतला की झालं. अँगलला दर ३०० मिमीवर भोक आणि त्यात १२ मिमीची पिन, क्लिपसह. पिन नसेल तर घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर ट्रे आपणहून फाळक्याला धडक देतो. पंप आणि जनरेटर ट्रेच्या केबिनकडच्या अर्ध्या भागात ठेवायचे, म्हणजे ट्रे ९०० मिमी बाहेर ओढला तरी वजन हौद्यावरच राहतं.

हत्यारांसाठी शेठना नावाच्या चिठ्ठ्या हव्या होत्या. मामा म्हणाले, "अरे, लेबल वाचायला उजेड कुठे असतो? रात्री दोनला फोन येतो. हात घातला की पाना हाताला आला पाहिजे." मग मामांना डाव्या फाळक्यापाशी उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. आम्ही एकेक हत्यार पुकारायचं, त्यांचा हात जिथे जाईल तिथे खडूची खूण. टेस्टर आणि टॉर्चला हात खांद्याच्या उंचीवर, केबिनच्या बाजूला गेला. १८ इंची पाइप पाना कमरेशी. ३६ इंची पान्याला हात गेलाच नाही. "तो दोन माणसांचा," म्हणाले. साडेआठ किलोचा तो पाना खाली आडवा, पट्ट्याखाली गेला. रिंग पान्यांत १०, १३, १७, १९ या मापांची जागा बाकीच्यांपासून वेगळी काढली. पंपरूममध्ये मुख्यतः तेच फिरतात.

हूक १० मिमीच्या सळईचे, त्यांवर रबरी नळीचा तुकडा चढवलेला. नळी नसेल तर धातू धातूवर घासून खडखड होते आणि गंज तिथूनच धरतो. टांगलेल्या हत्यारांवरून २५ × ३ मिमीची एक पट्टी आडवी पडते आणि बिजागरीने उचलली जाते. ही पट्टी हवीच. खड्ड्यात गाडी आदळली की हत्यार हुकातून उडतं आणि दुसऱ्या दिवशी गाडीभर शोधावं लागतं. फोमात हत्याराच्या आकाराचे खाचे कापून देण्याची फॅशन आहे, दिसतातही छान. पण ठाण्याच्या पावसात ओला पाना फोमात ठेवला की खालची बाजू आठवड्यात तांबूस होते, कारण पाणी वाळायला जागाच नसते. मीटर आणि ड्रिल मशीनला फोम ठीक, पान्यांना नको.

सुटे भाग ६०० × ४०० मिमीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये. माप एकच ठेवलं की कुठलाही क्रेट कुठल्याही कप्प्यात बसतो. कप्प्याच्या कडेला ४० मिमीची उभी पट्टी, म्हणजे क्रेट किंचित उचलल्याशिवाय बाहेर येत नाही. मेकॅनिकल सील त्यांच्या मूळ खोक्यात, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, केबिनमध्ये. कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्याही केबिनमध्येच, पण काचेखाली उन्हात नव्हे.

पाइपांचा प्रश्न नेहमीचा. प्लॅस्टिकचा सीपीव्हीसी पाइप ३ मीटरचा येतो, हौद्याची आतली लांबी २.७ मीटर. आजवर टोकाला लाल फडकं बांधून पाइप बाहेर काढलेला असायचा. फडक्याने भागतं हा गैरसमज आहे. गाडीच्या अंगाबाहेर माल आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे, माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पाइप दुकानातच २.४ मीटरवर कापून घ्यायचा; उरलेला ६०० मिमीचा तुकडा जोडकामात खपतोच. ते पाइप ठेवायला ११० मिमी पीव्हीसीच्या दोन नळ्या उजवीकडे छताखाली बसवल्या, मागच्या टोकाकडे जरा उतार देऊन, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळतं.

कॅनोपीची उंची हा वादाचा मुद्दा झाला. शेठना आत उभं राहता येईल एवढी हवी होती. पण त्यांचं अर्धं काम पोडियम आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, जिथे कमानीवर २.१ मीटरची पाटी असते. केबिनच्या छताएवढीच ठेवली. दारांच्या वर २५ मिमीची पागोळीसारखी कड काढली, कडेने रबर बीडिंग, प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्यात १० मिमीचं भोक. पाणी आत येणारच. ते बाहेर कसं जाईल हे बघायचं. सगळे रॅक २० मिमीच्या पायांवर उभे, म्हणजे खालून नळी मारता येते. तळाला रबरी चटई मुद्दाम टाकली नाही, तिच्याखाली पाणी साचून पत्रा सडतो.

बंद कॅनोपीचा एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. जनरेटरचं पेट्रोल आणि सीपीव्हीसी पाइप जोडायचं सोल्युशन, दोन्हींची वाफ पेट घेणारी आणि हवेपेक्षा जड. ती छताशी नाही, तळाशी साचते. त्यामुळे हवेच्या जाळ्या वर लावून उपयोग नाही. दोन्ही बाजूंना तळालगत लावल्या. आतल्या एलईडी दिव्याचा स्विच बाहेर घेतला. पेट्रोल धातूच्या ५ लिटरच्या कॅनमध्ये, सोल्युशन दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात सावलीला. उन्हाने ते जेलीसारखं घट्ट होतं आणि मग जोड धरत नाही. दिव्याच्या वायरला १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज दिव्यापाशी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडल्यासारखीच.

रॅक गाडीवर वेल्ड करत नाही. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आणि सेन्सर आहेत. वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला की ते जळतात. रॅक जमिनीवर पूर्ण करायचा आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांना एम-१० बोल्टने आवळायचा, खालून ५० मिमीचे जाड वॉशर, वर नायलॉक (सहज सैल न होणारे) नट. चेसिसला भोक पाडायचं नाही. कधी वेल्डिंग टळतच नसेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी शेजारी लावायचा.

बांधणीचा हिशोब असा: पुढच्या दिशेला वस्तूच्या वजनाच्या ८० टक्के जोर धरला पाहिजे, बाजूला आणि मागे ५० टक्के. ५० किलोच्या जनरेटरला ब्रेक लागताना ४० किलोंचा ढकला बसतो, आणि ओल्या पत्र्यावर नुसत्या घर्षणाने तो थांबत नाही. पट्टा २५ मिमीचा रॅचेटवाला, रॅकला वेल्ड केलेल्या कड्यांत. फाळक्याचे दोरी बांधायचे हूक ताडपत्रीसाठी असतात, त्यांच्यावर जनरेटर सोपवू नये.

एक्स्टेंशन ड्रमवर मामांशी थोडी खडाजंगी झाली. २.५ चौरस मिमीची केबल, पण लागेल तेवढीच सोडून उरलेली ड्रमवर ठेवायची त्यांची सवय. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. पंपाचा लोड आला की आतली वेटोळी वितळून चिकटतात. ताडपत्रीवर पडलेला ड्रम उलगडून आतली चिकटलेली वेटोळी दाखवली, तेव्हा पटलं. नव्या ड्रमवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, घेतला.

काम दुसऱ्या दिवसावर गेलं. रॅक आणि ट्रे धरून १३० किलो, कामाचा माल ४०० किलो, म्हणजे ५३०. कॅनोपीचं वजन वेगळं, आणि तेही गाडीच्या क्षमतेतूनच वजा होतं. डाव्या-उजव्यातला फरक ३० मिमीवरून ८ वर आला. पाटे शाबूत होते.

पंधरा दिवसांनी गाडी बोल्ट आवळायला आली, तसं आधीच सांगून ठेवलं होतं. उजव्या मागच्या पायाचे दोन बोल्ट सैल झाले होते, कारण वॉशरखालचा रंग दबला होता. तिथला रंग खरवडून, रेड ऑक्साइड मारून पुन्हा आवळले. मामांची तक्रार एकच: जुने वॉशर, टेफ्लॉनचे तुकडे, कापलेल्या पाइपांचे चकले टाकायला जागा नाही, त्यामुळे ते परत क्रेटमध्ये जातात. डाव्या मागच्या कोपऱ्यात ८ मिमी सळईचं कडं करून दिलं, त्यात २० लिटरची बादली बसते.