डोम अखेर कोरडा, आता पाणीच हिरवं

डोमवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या गोल पारदर्शक घुमटावर, आतून धरणाऱ्या धुक्याचा प्रश्न सुटला. काल अंटार्क्टिकातल्या सिएर्वा कोव्हमध्ये हाउसिंग (कॅमेऱ्याचं जलरोधक कवच) जवळजवळ तासभर अर्धं पाण्यात होतं आणि डोमच्या आतल्या बाजूला दवाचा कणही नाही. मागची नोंद वाचलेल्यांना आठवेल, याच जागी लेपर्ड सील डोमला नाक लावायला आली होती आणि हाती आले ते फक्त पांढरे चौकोन.

त्यावर बहुतेकांचा सल्ला होता, व्हॅक्यूम पंप वापर. पंप वापरत होतोच. शेवटी कागद घेऊन बसलो. जहाजाच्या केबिनमधली हवा २० अंश आणि आर्द्रता ४० टक्के धरा. तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं दव होतं तो, साधारण ६ अंश. इथलं पाणी शून्याच्या आसपास, हंगामाच्या सुरुवातीला तर उणे १.८ च्या जवळ, म्हणजे समुद्र गोठतो तिथेच. डोम पाण्यात टेकला की त्याची आतली बाजू भराभर ६ च्या खाली उतरते आणि वाफ तिथेच बसते. पंपाने आतली पाव हवा काढली तर वाफही पावच जाते. दवबिंदू उतरून २ अंशांवर येतो, पाण्यापेक्षा अजून वरच! केबिनमध्येच बंद करायचं तर आतली आर्द्रता २३ टक्क्यांच्या खाली हवी. पंप गळती ओळखायला उत्तम, पण धुक्यावर त्याचा उपयोग नाही, हे माझं ठाम मत.

उत्तर दाराबाहेर होतं. शून्य अंशाची, ८० टक्के आर्द्रतेची बाहेरची हवा दमट वाटते खरी, पण तिचा दवबिंदू उणे ३ च्या आसपास असतो. म्हणून आता हाउसिंग बाहेर बंद करतो. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) पुसून, ग्रीस लावून झाकण नुसतं टेकवायचं, सगळं जलरोधक ड्राय बॅगमध्ये तोंड सैल ठेवून घालून झोडियाक (हवेच्या रबरी बोटी) ठेवतात त्या डेकवरच्या आडोशाला रात्रभर ठेवायचं. बॅटरी तेवढी खिशात, अंगाच्या उबेला. सकाळी बॅटरी घालायची, झाकण लावायचं, पंप मारायचा. ग्रीसचं काम बाहेर करू नका. थंडीत बोटं बधिर होतात आणि हातमोज्याचा एखादा धागा रिंगवर अडकला तरी कळत नाही. बर्फ भुरभुरत असेल तर थांबा, आत गेलेला कण वितळला की पुन्हा तेच.

एक फायदा अनपेक्षित. केबिनमध्ये बंद केलेलं हाउसिंग पाण्यात गेलं की थंडीने आतला दाब सुमारे ७ टक्के उतरायचा आणि उबेत परत आलं की चढायचा, त्यामुळे गळती दाखवणाऱ्या हिरव्या-लाल दिव्याचा भरवसा नसायचा. आता बंद करतानाचं आणि पाण्यातलं तापमान जवळपास सारखं, त्यामुळे दिवा खरं बोलतो.

सिलिका जेल अजून ठेवतोच, पण सुट्या पुड्यांची ती स्वस्त बरणी कुणी घेऊ नये. दोनदा उघडली की पुड्या हवेतलंच पाणी पिऊन बसतात. सुटे दाणे घ्या आणि १२० अंशांवर भट्टीत तापवून पुन्हा वापरा. काचेचा डोम की अ‍ॅक्रिलिकचा, या वादात मी अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने. तुटक्या बर्फाचे ओरखडे पडतात, पण घासून काढता येतात.

आता कालची सील. पाहुणे (जहाजावरचे पर्यटक) बोटीत असतील तर माझा हात टिलरवर (सुकाणूवर) आणि हाउसिंग पेटीत, हा माझा नियम. काल आम्ही सुरक्षा बोटीवर होतो, चालवायला सहकारी. इंजिन न्यूट्रल, आम्ही जागेवर. ती स्वतःहून आली. मोठी मादी. डोमसमोर जबडा उघडला आणि दाढांची तीन-तीन टोकं स्वच्छ दिसली, क्रिल गाळायची ती चाळणीच. एफ १३, आयएसओ १६००, सेकंदाचा ६४० वा भाग. मिशांचा केस न् केस मोजता येतो! मग तिने बोटीच्या फुग्याकडे तोंड वळवलं आणि आम्ही निघालो. तिथे चावा बसला की बोटीची हवा जाते.

आणि तरीही चित्र पूर्ण नाही. डिसेंबरात प्लवकांचा बहर आला आहे, तिच्या पाठीमागे सगळं हिरवं, गढूळ. त्यातून काही फ्रेममध्ये नाक टोकदार पण डोळा पाण्यावर तेल तरंगावं तसा विरघळलेला. फोकस तपासला: २० सेंटीमीटर व्यासाच्या डोमपुढे पाण्यातली दूरची वस्तूही साधारण ३० सेंटीमीटरवरच दिसते, आणि मी तिथेच लॉक केलं होतं. म्हणजे दोष पाण्याचा. हिमनगाचं वितळलेलं गोडं पाणी खाऱ्यावर थर धरतं आणि दोन्ही मिसळतात तिथे प्रकाश वाकतो.

प्लेनो बेटापाशी अडकलेल्या हिमनगांमध्ये स्प्लिट (पाण्यावरचं आणि पाण्याखालचं एकाच फ्रेममध्ये) करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की तिथे हाच थर आणखी जाड असणार. वाऱ्याने पाणी ढवळलं तर थर मोडेल, पण लाटांत स्प्लिट कसलं जमतंय! मग स्प्लिटच सोडावं का? खालच्या कोनाचा हट्ट सोडणार नाही. बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसायला, गुडघे टेकायला बंदी आहे, त्यामुळे तो कोन आता बोटीतूनच. (ड्रोन सुचवू नका, आयएएटीओ या अंटार्क्टिक पर्यटन कंपन्यांच्या संघटनेच्या जहाजांवरून किनाऱ्यालगत हौशी ड्रोन चालत नाहीत.)

तर नवा बेत: दांड्यावर हाउसिंग, त्या थराच्या खाली मीटरभर, आणि सील अगदी जवळ आली तरच. अंतर कमी म्हणजे मधलं हिरवं पाणीही कमी. ट्रिगरच्या केबलसाठी हाउसिंगला आणखी एक भोक पाडायला मन धजत नाही, म्हणून कॅमेरा दर दोन सेकंदांच्या इंटरव्हलवर सोडणार. निम्मं कार्ड हिरव्या पाण्याने भरेल, भरू दे. दांडा दर वेळी जंतुनाशकाने धुवावा लागेल, म्हणून फोमची मूठ नको. कुणी कार्बन फायबरचा दांडा खाऱ्या पाण्यात वापरला असेल तर जोडांच्या कड्या कशा टिकल्या ते सांगा.