निळंशार आकाश आणि हवा म्हणे खराब

परवा सकाळी वारा नुसता सुसाट, आकाश कोकणात दिवाळीत असतं तसं धुतलेलं, आणि फोनवर बघते तर आमच्या इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या स्टॉक्टनच्या, हवा मोजायच्या स्टेशनवर पीएम १०चा, म्हणजे हवेतल्या धूलिकणांचा, आकडा ५०च्या पुढे! इथली २४ तासांची मर्यादाच ५० आहे (आपल्याकडे १००, म्हणजे हाच आकडा चेंबूरला आला असता तर आम्ही पेढे वाटले असते). लेकाला दमा आहे त्यामुळे मी लगेच खिडक्या लावल्या, शाळेत न्यायच्या पिशवीत पंप दोनदा चेक केला आणि शेजारच्या आजोबांना सांगायला गेले की आज बाहेर बसू नका.

आजोबा हसले. गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि मला म्हणाले, तू पण बघ. बघितलं. खारट!

तर स्टॉक्टन म्हणजे न्यूकॅसलच्या समोरची जमिनीची जीभ, एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला हंटर नदी, फेरीने पाचेक मिनिटांत शहर. नदीतून दिवसभर कोळशाची जहाजं जातात, जगातल्या सगळ्यात मोठ्या कोळसा बंदरांपैकी हे एक. आणि वायव्येला कूरागांग बेटावर अमोनियाचा कारखाना. हो, मी चेंबूरची मुलगी, लेकाच्या श्वासासाठी म्हणून मुंबई सोडली आणि येऊन राहिले अमोनियाच्या कारखान्यासमोरच! नवरा हे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. घरभाडं सिडनीच्या मानाने बरंच कमी होतं, समुद्र चालत जाण्याएवढा होता, आणि मी काही मुद्दाम शोधून कारखाना घेतला नाही, एवढंच सांगते.

स्टेशन म्हणजे फार काही नाही, कुंपणातली एक केबिन, छतावर नळ्या, वर वारा मोजायचा खांब. पण त्या केबिनने मला वेड लावलंय. पीएम १०, त्याहून बारीक कणांचं पीएम २.५, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वर अमोनिया, दर तासाला आकडा, कोणीही बघा. न्यूकॅसलच्या या नेटवर्कमध्ये तीन स्टेशनं आहेत, कॅरिंग्टन, मेफिल्ड आणि स्टॉक्टन, २०१४ पासूनची, पण अमोनिया फक्त आमच्याकडे मोजतात कारण वास आमच्याकडे येतो. पैसे भरायचे परिसरातल्या उद्योगांनी, तसा नियमच आहे, आणि मोजायचं सरकारने. हे मला इतकं आवडलं की आठवडाभर मी भेटेल त्याला सांगत होते, शेवटी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, बास.

हे सगळं सुखासुखी झालेलं नाही बरं का. ऑगस्ट २०११ मध्ये त्या बेटावरच्या कारखान्यातून हेक्साव्हॅलंट क्रोमियम नावाचं विषारी रसायन उडून स्टॉक्टनच्या घरांवर पडलं आणि लोकांना कळलं काही दिवसांनी. मग जो गदारोळ झाला त्यातून प्रदूषणाची घटना झाली की ताबडतोब कळवायचं असा कायदा कडक झाला. आजोबांकडे त्यावर अजून अर्ध्या तासाचं भाषण तयार असतं.

आणि मिठाचं म्हणाल तर ते पण तपासलंय. २०१४-१५ मध्ये वर्षभर फिल्टरवर धूळ गोळा करून बघितली, स्टॉक्टनच्या पीएम १० मध्ये मोठा वाटा समुद्राच्या मिठाचा निघाला. मशीनला काय, कण तो कण, लाटेचा फवारा असो की कोळसा. बारीक कणांत (पीएम २.५) मात्र थंडीच्या दिवसांत अमोनियापासून होणारं अमोनियम नायट्रेट सापडलं, तेव्हा वारा बेटावरून आमच्याकडे येतो. म्हणून आजोबा आकड्याच्या आधी वाऱ्याची दिशा बघतात. समुद्रावरून असेल तर गाडी धुवायची, वायव्येचा असेल तर अमोनियाचा रकाना उघडायचा. आता मी पण तेच करते. फक्त पंप तरीही पिशवीत, मिठाचा असला तरी कण नाकातच जातो ना.

आपल्याकडे काही नाही असं म्हणू नका हं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी उभं केलेलं, हवेचे आकडे देणारं 'सफर' आहे, मुंबईत स्टेशनं आहेत, आणि माझ्या मते आपले शास्त्रज्ञ कुठेही कमी नाहीत. पण आमच्या बिल्डिंगमध्ये कधी कोणी आकडा बघितला? 'आज कंपनीचा वास आहे गं' म्हणत आई वाळत घातलेले कपडे आत घ्यायची, तेच आमचं स्टेशन.

हे सगळं तिला रविवारी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं पण पोराचा खोकला थांबला का?"

कमी झालाय, म्हटलं. थांबलाय असं नाही म्हणता आलं. मग मी बोंबलांचा भाव विचारला.