जुना ॲम्प, नवा ॲम्प आणि स्वराचा शेवट

शनिवार, रात्री

नवा ॲम्प आज घरी आला. फेंडर कंपनीचा हा रंबल ४०, म्हणजे बेस गिटारच्या सरावाचा, चाळीस वॉटचा आणि दहा इंची स्पीकरचा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारी पेटी). वजन आठ किलोंच्या आसपास. त्याच्या शेजारी मामांनी दिलेला जुना पंधरा वॉटचा, आठ इंची स्पीकरचा ॲम्प ठेवला, तेव्हा आकाराने लहान असलेला जुनाच उचलायला जड आहे हे प्रथम हाताला कळले. जुन्याच्या पोटात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे; नव्यातला डी वर्गाचा ॲम्प्लिफायर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत काम करतो, त्यात वीज उष्णतेच्या रूपाने फारशी वाया जात नाही आणि म्हणून एवढा लोखंड-ॲल्युमिनियमचा संसार त्याला लागत नाही.

मामा तरुणपणी सांगली-मिरज भागातल्या ऑर्केस्ट्रांमधून बेस, म्हणजे खालच्या स्वरांची चार तारांची गिटार, वाजवत असत आणि हा जुना ॲम्प त्यांच्या घरच्या सरावाचा. मी बेस शिकायला लागले तेव्हा त्यांनी तो न मागता आणून दिला. त्याच्यावरच माझी बोटे चालायला लागली, त्यामुळे आज नवा आला म्हणून जुन्याला माळ्यावर टाकण्याचा विचार माझ्या मनात नाही. दोघांना समोरासमोर ठेवून, ज्याच्यापाशी जे शिकण्यासारखे आहे ते नीट ऐकावे आणि येथे लिहून ठेवावे, एवढेच ठरवले आहे.

रविवार

सकाळी घर रिकामे होते. तीच गिटार, तीच केबल, दोन्ही ॲम्पच्या स्वररंगाच्या सगळ्या कळा मध्यावर, आणि आवाज कानाला सारखा वाटेल इतपत, अशी व्यवस्था करून मी फक्त मोकळ्या तारा वाजवल्या. आवाज सारखा ठेवणे महत्त्वाचे होते, कारण जो ॲम्प थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि मग तुलना ॲम्पची न राहता आवाजाच्या पातळीची होते.

चार तारांची कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने (हर्ट्झ), मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेली आहे: ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३ आणि जी ९८. जुन्या ॲम्पवर जी आणि डी स्वच्छ, थोड्या नाकातून आल्यासारख्या, पण निःसंदिग्ध ऐकू येतात. ए तारेवर आवाज सडपातळ होतो आणि ई तारेवर तर जे ऐकू येते ते बहुतांशी ८२, १२४, १६५ हर्ट्झचे उपस्वर, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, असतात. मूळ ४१ हर्ट्झ त्या लहानशा पेटीतून जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरीही तो स्वर ई आहे हे आपल्याला कळते, कारण उपस्वरांमधल्या समान अंतरावरून मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच उभा करतो. लहान रेडिओवरही आपण आजवर पुरुष गायकांचे खर्जातले आवाज बिनतक्रार ओळखत आलो ते याच देणगीमुळे.

नव्या ॲम्पवर तीच ई तार वाजवली आणि खुर्चीच्या पाठीतून ती मला जाणवली. दहा इंची स्पीकरही ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने देत नाही, हे खरे. परंतु पन्नास ते ऐंशी हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे बेसच्या खालच्या तारांचे मुख्य कार्य चालते, तिथे दोघांमधला फरक कोणालाही कळेल इतका मोठा आहे. पंधरा वॉटवरून चाळीस वॉटवर गेले म्हणून हा फरक पडला असे समजणे योग्य होणार नाही. वॉट दुप्पट झाले की आवाजाची पातळी फक्त तीन डेसिबलने (डेसिबल हे या पातळीचे माप) वाढते आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्या हिशेबाने पंधरा ते चाळीस ही उडी चार डेसिबलांहून थोडीच अधिक आहे. खरा फरक स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी शंकूचा आहे. एक सप्तक खाली उतरून तीच पातळी राखायची तर स्पीकरला चौपट हवा हलवावी लागते, आणि दहा इंची शंकूचे क्षेत्रफळ आठ इंचीच्या दीडपटीहून जास्त असते. नवशिक्याने ॲम्प निवडताना वॉटच्या आकड्याआधी स्पीकरचा आकार पाहावा, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

एका बाबतीत मात्र जुना ॲम्प मला अधिक आवडला. ई तार मोकळी सोडून ऐकत राहिले, तर तिच्या पाचव्या उपस्वराचा, म्हणजे २०६ हर्ट्झच्या आसपासचा गंधार त्याच्यावर फार सुरेख उमटतो. मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच जातीचा हा आहे, आणि सप्तकांचा फरक सोडला तर, त्याच तारेच्या चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या चौथ्या धातूच्या पट्टीवर) दाबून वाजवलेल्या जी शार्पपेक्षा तो किंचित उतरलेला असतो. नव्या ॲम्पवरही तो असतोच, पण खालच्या भरदार स्वरामागे तो थोडा झाकला जातो.

सोमवार, उशिरा

कालच्या तुलनेत जे निसटले होते ते आज सापडले, आणि माझ्या दृष्टीने तीच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे.

मामांनी दिलेला एक साधा पाठ आहे: मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला साठच्या गतीवर लावायचा, ए वाजवायचा, दोन मात्रा धरायचा आणि पुढच्या दोन मात्रा पूर्ण शांत ठेवायच्या. जुन्या ॲम्पवर हा पाठ मला चांगला बसला होता. आज तोच पाठ नव्यावर वाजवला, तेव्हा शांत असायला हव्या असलेल्या दोन मात्रांमध्ये एक खोल, मंद घुमणे चालूच राहिलेले ऐकू आले. केबल बदलून पाहिली, ॲम्पची जागा बदलून पाहिली आणि मग डाव्या हाताकडे पाहिले. बोट उचलले होते, पण तारेवरून पूर्ण उचलले जात असल्यामुळे ती मोकळी होऊन पुन्हा हलकेच थरथरत होती; आणि ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर ए वाजवला, तर शेजारची मोकळी ए तारही त्याच ५५ हर्ट्झला आपोआप झंकारत होती.

हे सगळे जुन्या ॲम्पवरही घडत होते, फक्त तिथे ते ऐकू येण्याची सोय नव्हती. तारेचे वरचे उपस्वर लवकर विरतात आणि मूळ स्वर सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. ज्या स्पीकरला मूळ स्वरच नीट देता येत नाही, त्याच्यावर उपस्वर विरले की स्वर संपल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तार मात्र अजून बोलत असते. म्हणजे जुन्या ॲम्पवरचा प्रत्येक स्वर कानाला त्याच्या खऱ्या लांबीपेक्षा आखूड ऐकू येत होता. मंचावर मोठ्या स्पीकरांतून हीच शेपूट ढोलकीच्या किंवा ड्रमच्या पुढच्या ठोक्यावर जाऊन पडली असती आणि सगळा ठेका चिखलासारखा झाला असता.

हे फोनवर मामांना सांगितले. ते म्हणाले, “अगं, ड्रमवाल्याचा पाय आणि माझं बोट एकदम पडलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम बोट कधी थांबवायचं, यात असतं.” इतकी वर्षे ऑर्केस्ट्रात उभे राहिलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य मी आधीही ऐकले होते, परंतु त्याचा अर्थ कळायला ऐकू येणारा शेवट लागतो, आणि तो मला आज प्रथम मिळाला.

त्यामुळे आता तारा दाबून शांत करण्याचा वेगळा सराव सुरू केला आहे. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, त्यांची कंपने विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागावर) कायमचा टेकवून न ठेवता, वरच्या तारांवर जाताना तो ई आणि मग ए तारेवर टेकत न्यायचा, आणि डाव्या हाताचे बोट सोडताना तारेला स्पर्श न तोडता फक्त दाब काढायचा. गती पन्नासवर उतरवली आहे.

बुधवार

नव्या ॲम्पवर ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प इतर स्वरांपेक्षा कितीतरी फुगून येतो. खिडकीची काचही त्या एकाच स्वराला वाजते. प्रथम गिटारवर शंका आली, पण हेडफोन लावल्यावर सगळे स्वर एकसारखे आले. म्हणजे प्रश्न गिटारचा नव्हता आणि ॲम्पचाही नव्हता.

प्रश्न खोलीचा आहे. माझी खोली बारा फूट लांब आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी सर्वांत लांब स्थिर लहर बसते, तिची लांबी खोलीच्या दुप्पट, म्हणजे चोवीस फूट असते, आणि आवाजाच्या वेगाला या लांबीने भागले की सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपास आकडा येतो. एफ शार्प आहे ४६ हर्ट्झचा. खोली त्या स्वराला स्वतःहून दुजोरा देते, आणि ॲम्प भिंतीला खेटून कोपऱ्यात असला की हा दुजोरा आणखी वाढतो. भिंतीजवळ बसले तर एफ शार्प छातीवर येतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी येऊन बसले तर तोच स्वर जवळजवळ हरवतो, कारण त्या लहरीचा दाब मध्यभागी सर्वांत कमी असतो. आज मी वाजवत-वाजवत खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि हे स्वतःच्या कानांनी पडताळून पाहिले. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे अवश्य करून पाहावे, कारण पुस्तकात वाचलेली स्थिर लहर अशी पायाखालून जाताना अनुभवणे फार आनंदाचे आहे.

जुन्या ॲम्पने ही खोली कधी जागीच केली नव्हती, कारण तिला जागे करणारा खर्ज त्याच्यापाशी नव्हता. लहान घरात राहणाऱ्या नवशिक्यासाठी हा त्याचा गुणच म्हणावा लागेल. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने तर नक्कीच, कारण खालचे स्वर भिंती सहज ओलांडतात आणि वरचे स्वर अलीकडेच अडतात; रात्री आठनंतर मी आता हेडफोन वापरते.

ॲम्प कोपऱ्यातून काढून स्टुलावर ठेवला, भिंतीपासून दोन हात पुढे आणला आणि खालच्या स्वरांची कळ मध्याच्या थोडी मागे नेली. फुगवटा पुष्कळ उतरला.

शुक्रवार

मामा संध्याकाळी आले होते. त्यांनी नवा ॲम्प बराच वेळ वाजवून पाहिला. त्याच्यावर ब्राइट, काँटूर आणि व्हिंटेज अशी तीन बटणे आहेत आणि स्वररंगासाठी खालचा, खालचा मधला, वरचा मधला आणि वरचा अशा चार कळा आहेत. काँटूर दाबले की मधले स्वर मागे सरतात आणि एकट्याने वाजवताना आवाज फार गोड वाटतो, पण मामांनी ते लगेच काढून टाकले. त्यांचे म्हणणे असे की, इतर वाद्यांच्या गर्दीत बेसचा स्वर ओळखू येतो तो मधल्या स्वरांमुळेच, आणि शिकणाऱ्याने तर ते कधीच कापू नयेत. मला हे पूर्ण पटले आहे. जुन्या ॲम्पवर मधले स्वर भरपूर होते म्हणूनच माझ्या बोटांचा तारेवरचा आघात मला इतक्या स्पष्टपणे ऐकू येत असे. तर्जनी आणि मध्यमा यांच्या जोरातला फरक त्याने जितका उघड दाखवला, तितका नवा दाखवत नाही. स्वराची सुरुवात ऐकायची तर जुना अधिक चांगला, हे मी आज मामांच्या हाताने पुन्हा पडताळून घेतले.

मग त्यांनी जुना चालू केला आणि त्याची गुणगुण खोलीत भरली. माझी गिटार फेंडरच्याच प्रिसिजन बेस या गिटारच्या धर्तीची आहे. १९५१ साली आलेल्या त्या वाद्याला १९५७ साली दोन तुकड्यांचे पिकअप मिळाले आणि बाहेरून येणारी गुणगुण त्या दोन तुकड्यांत परस्पर विझते, त्यामुळे हा आवाज गिटारचा नसणार. केबल काढूनही तो तसाच राहिला. आपली वीज ५० हर्ट्झची, ती ॲम्पमध्ये एकदिश करताना १०० हर्ट्झची लाट उरते, आणि ती सपाट करणारे कपॅसिटर वयानुसार सुकले की ती स्पीकरमधून ऐकू येऊ लागते. गंमत अशी की मोकळी जी तार ९८ हर्ट्झची असल्यामुळे, ती हळू वाजवली की गुणगुणीशी तिची गाठ पडून सेकंदाला साधारण दोन अशी संथ आंदोलने, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, ऐकू येतात. मामा ती किती तरी वेळ ऐकत बसले आणि मीही.

ठरले ते असे. जुन्या ॲम्पचे कपॅसिटर बदलून घ्यायचे आणि ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यायचे, कारण वीज बंद केल्यावरही त्या कपॅसिटरांमध्ये भार शिल्लक राहू शकतो. तो परत आला की सकाळचा बोटांचा पाठ, दोन्ही बोटांचा जोर सारखा करण्याचा आणि आघात नेमका करण्याचा, त्याच्यावर होईल. स्वर धरण्याचे, थांबवण्याचे आणि तारा शांत ठेवण्याचे पाठ संध्याकाळी नव्यावर, काँटूर बंद ठेवून, मधल्या दोन्ही कळा मध्यावर आणि खालची थोडी मागे ठेवून करायचे आहेत. पुढच्या आठवड्यात मामा ढोलकी वाजवणाऱ्या त्यांच्या मित्रांना घेऊन येणार आहेत, आणि तोपर्यंत पन्नासच्या गतीवरच्या त्या दोन मात्रा मला खरोखर शांत करायच्या आहेत.