टॉमकॅटमध्ये देवनागरीची चाचणी घालताना: माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की आमच्या ऑफिसातला फोन खाली ठेवायची सोय राहत नाही. आम्ही अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, सौद्यात निघालेला भाव आणि हमाली-तोलाई वजा जाऊन हातात पडणारी पट्टी, सगळं त्यातूनच निघतं. सॉफ्टवेअर जावात आहे आणि चालतं टॉमकॅटवर. जावाचे वेब प्रोग्रॅम चालवणारा हा सर्व्हर सन कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहायला घेतला, १९९९ मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आला आणि तेव्हापासून त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो. मी मात्र तो बरीच वर्षं फक्त वापरत होते. आतून बघायची वेळ आणली ती एका पट्टीनं.

“ताई, पट्टीवर हे काय उमटलंय बघा की! कवठेमहांकाळ कुठं गेलं?” एका दुकानाच्या दिवाणजींचा फोन होता. गावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए, मधेमधे चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, अशी चिन्हांची रांग छापून आली होती. गंमत म्हणजे तेच गाव शोधखिडकीत टाकलं तर बरोबर सापडत होतं. बिघडत होती ती फक्त फॉर्म भरून पाठवलेली माहिती.

या फरकातच सगळं उत्तर होतं. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘सांगली’ घ्या: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी, अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. हेच बाइट आयएसओ-८८५९-१ या पश्चिम युरोपी भाषांसाठीच्या जुन्या एन्कोडिंगनं वाचले तर प्रत्येक बाइटचं स्वतंत्र अक्षर होतं आणि सहाच्या जागी अठरा चिन्हं उभी राहतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह एकाच बाइटनं सुरू होतं, म्हणून तो रेघवाला ए पुन्हा पुन्हा दिसतो. टॉमकॅट ८ पासून पत्त्यातून, म्हणजे यूआरएलमधून, येणारा मजकूर मुळातच यूटीएफ-८ धरला जातो, त्यामुळे शोधखिडकी ठीक होती. पोस्टनं, म्हणजे फॉर्म भरून, आलेल्या मजकुराला मात्र सर्व्हलेट स्पेसिफिकेशन, म्हणजे जावाच्या वेब प्रोग्रॅमांचा नियमसंच, लागू होतं. एन्कोडिंग कुणी सांगितलं नाही तर आयएसओ-८८५९-१ धरा, असं ते म्हणतं, आणि ब्राउझर साध्या फॉर्मसोबत एन्कोडिंग सहसा पाठवतच नाहीत.

पण आम्ही तर ते सांगत होतो. एन्कोडिंग ठरवणारा फिल्टर, म्हणजे प्रत्येक विनंती मुख्य कामाआधी हाताळणारा कोडचा तुकडा, आमच्या अॅप्लिकेशनमध्ये पहिल्यापासून होता. नुकतीच नोंदी ठेवणारी एक तयार लायब्ररी जोडली होती आणि तिचा फिल्टर आमच्या फिल्टरच्या आधी धावून एक पॅरामीटर, म्हणजे फॉर्ममधली एक नोंद, वाचत होता. तेवढ्यानं काय बिघडतं, हे मला सोर्स उघडल्यावरच पटलं. टॉमकॅटच्या कॅटालिना या गाभ्यातल्या, आलेली विनंती हाताळणाऱ्या रिक्वेस्ट क्लासमध्ये पॅरामीटर एकदा वाचले की एक खूण खरी होते, आणि त्यानंतर तो मजकूर पुन्हा उलगडला जात नाही. नंतर एन्कोडिंग सांगितलंत तर ते मुकाट नोंदवून घेतलं जातं, पण वाचून झालेल्या नावांना त्याचा उपयोग शून्य. ना चूक, ना इशारा.

दुकानाची अडचण त्याच संध्याकाळी सुटली. सर्व्हलेट ४.० पासून, म्हणजे टॉमकॅट ९ पासून, वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये विनंतीचं एन्कोडिंग एका ओळीत सांगता येतं. ते कोणताही फिल्टर धावायच्या आधीच लागू होतं. ती ओळ घातली आणि कवठेमहांकाळ परत आलं. मला मात्र राहवेना. मराठी, कन्नड, तेलुगू नावं घेऊन चालणारी किती अॅप्लिकेशनं याच ठिकाणी अडखळत असतील! सर्व्हरनंच इशारा द्यायला हवा, असं मला मनापासून वाटलं.

त्यासाठी टॉमकॅट स्वतः बिल्ड करणं, म्हणजे सोर्समधून चालता सर्व्हर बनवणं, अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. टॉमकॅट आजही अँट या साधनानं बांधतात. गिटहबवरून सोर्स घ्यायचा, सोबतच्या बिल्डिंग फाइलमध्ये सांगितलेली जावाची आवृत्ती लावायची आणि अँट चालवायचं. लागणाऱ्या लायब्ररी तो स्वतः उतरवून घेतो आणि आउटपुट फोल्डरमध्ये चालता सर्व्हर तयार होतो. आपण स्वतः बांधलेल्या टॉमकॅटवर आपलीच पट्टी छापून बघण्यात जो आनंद आहे तो प्रत्येक जावावाल्यानं एकदा घ्यावा.

मग मी टॉमकॅटच्या विकासकांपुढे प्रस्ताव मांडला: पॅरामीटर वाचून झाल्यावर कुणी एन्कोडिंग ठरवायला गेलं तर लॉगमध्ये इशारा लिहावा. उत्तर लवकर आलं, नम्र होतं आणि नकाराचं होतं. बरीच फ्रेमवर्क प्रत्येक विनंतीला एन्कोडिंग सांगतातच, गरज असो वा नसो. त्यांच्या सर्व्हरवर लॉग भरून वाहील. शिवाय आता चालतंय ते स्पेसिफिकेशनला धरून आहे. मी सुचवलं की चुकीच्या पॅरामीटरसाठी टॉमकॅटमध्ये सोय आहेच, पहिली नोंद ठळक आणि पुढच्या फक्त दोष शोधताना दिसणाऱ्या डीबग पातळीवर, तीच इथं वापरू. त्यावर म्हणणं असं पडलं की ती सोय बाहेरून येणाऱ्या वेड्यावाकड्या माहितीसाठी आहे, अॅप्लिकेशनच्या रचनेतल्या दोषासाठी नाही. दोन दिवस मला हे लागलं. पण आपल्या एका हंगामाच्या अडचणीसाठी असंख्य सर्व्हरांचं वागणं बदलायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि मी आज तेच इतरांना सांगते.

जे स्वीकारलं जाईल असं त्यांनी सुचवलं ते वेगळं होतं: हे वागणं पक्कं करणारी चाचणी, आणि दस्तऐवजात एक स्पष्ट वाक्य. चाचणीनं मला टॉमकॅट खरा शिकवला. तिथल्या चाचण्यांचा एक मूळ क्लास आहे. तो प्रत्येक चाचणीसाठी मोकळ्या पोर्टवर खराखुरा टॉमकॅट उठवतो, विनंती पाठवतो आणि शेवटी सर्व्हर बंद करतो. मी तीन प्रसंग लिहिले: एन्कोडिंग आधी सांगितलं, वाचून झाल्यावर सांगितलं, आणि कॉन्टेक्स्टवरच, म्हणजे अख्ख्या अॅप्लिकेशनसाठी, ठरवून ठेवलं. नमुन्याचा मजकूर अर्थातच ‘सांगली’.

त्यांनी केलेल्या माझ्या कोडच्या तपासणीत सगळ्यात बारकाईचा शेरा एका छोट्या गोष्टीवर होता. मजकुराचे बाइट करताना एन्कोडिंगचं नाव दिलंच पाहिजे. जावा १८ पासून ते सगळीकडे यूटीएफ-८ धरलं जातं, पण टॉमकॅट ९ ला जावा ८ वरही चालावं लागतं आणि तिथं ते यंत्रावर अवलंबून असतं. म्हणजे तीच चाचणी लिनक्सवर पास आणि विंडोजवर नापास होऊ शकते. ज्या विषयाची चाचणी, त्याच विषयाचा सापळा चाचणीत! शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विंडोजवर तोच प्रकार जावा ८ नं चालवायला लावला, आणि शेरा शब्दशः खरा निघाला. परवान्याचा मथळा आणि चेंजलॉगमधली ओळ, ही कामं पटकन उरकली.

बदल आधी मुख्य शाखेत घेतात आणि मग मागच्या शाखांत उतरवतात. टॉमकॅट १० पासून पॅकेजची नावं जावाएक्सची जकार्ता झाली, त्यामुळे ९ च्या शाखेत इम्पोर्टच्या ओळी वेगळ्या. ते काम सोर्समध्ये थेट बदल करायचा अधिकार असलेल्या कमिटरनं केलं, मी फक्त चालवून कळवलं.

आता आम्ही १०.१ वर जायच्या तयारीत आहोत. तिथं सोबत येणाऱ्या वेब डॉट एक्सएमएलमध्येच विनंती आणि उत्तर दोन्हींचं एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलेलं आहे. नवीन आवृत्तीचा उमेदवार मतदानाला आला की मी तो उतरवून घेते, आमचं अॅप्लिकेशन त्यावर चढवते आणि कन्नड गावांच्या नावांसकट एक अख्खा सौदा फिरवून बघते. प्रकाशनासाठी टॉमकॅट प्रकल्प सांभाळणाऱ्या समितीच्या किमान तीन सदस्यांची होकाराची मतं लागतात. माझं मत त्यात धरलं जात नाही, पण काय चालवलं आणि काय दिसलं, ते मी दर वेळी लिहून पाठवते.