नऊ जॅकेटं आणि आमचं दुकान

न्यू जर्सीत आमचं दुकान जुने अमेरिकी लष्करी गणवेश, फोटो, बिल्ले आणि पदकं पारखून घेतं आणि विकतं. दोन भागीदारांनी एका गॅरेजमध्ये सुरुवात केली. इस्टेट सेलला, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, पहाटे रांग लावायची, ट्रंकेत मिळेल ते घ्यायचं, रात्री नोंदी करायच्या. या धंद्यातल्या सगळ्यांचीच सुरुवात अशी होते, त्यात वेगळं काही नाही. सांगायचं आहे ते नऊ जॅकेटांबद्दल.

ती १९४२ च्या नमुन्याची पॅराट्रूपर जॅकेटं होती. तिरके खिसे, गळ्याशी चाकूचा दोन झिपांचा चोरखिसा आणि कोपरांवर कॅनव्हासची ठिगळं. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या उडीआधी १०१व्या एअरबोर्न या अमेरिकी छत्रीधारी डिव्हिजनच्या जॅकेटांना अशी ठिगळं शिवली गेली, त्यामुळे ठिगळवाल्या जॅकेटाला साध्याच्या कितीतरी पट भाव येतो. एका जुन्या व्यापाऱ्याकडून आम्ही नऊच्या नऊ घेतली. दुकानाचं निम्म्याहून जास्त भांडवल त्यात गेलं.

तपासणी केली होती. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली अख्खं जॅकेट फिकट निळं चमकलं. हल्लीच्या डिटर्जंटमध्ये कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून चकाकी देणारी रसायनं असतात, त्यामुळे खरं जुनं कापडही एकदा धुतलं की चमकतं. म्हणून आम्ही ‘कुणीतरी धुतलंय’ एवढंच धरून चाललो. चूक इथेच झाली. ठिगळांचा नवा दोरा एकटाच चमकून उठू नये म्हणूनच ती जॅकेटं मुद्दाम धुतलेली होती.

चार विकली गेली. त्यातलं एक आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलं. हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ पहिल्या वर्षापासून आमच्याकडे येतात. त्यांनी फोन न करता जॅकेटच परत आणलं आणि टेबलावर ठेवून कोपराच्या ठिगळाचे इंचभर टाके उसवले. ठिगळाखालचं कापड बाहेरच्याइतकंच विटलेलं होतं. ठिगळ १९४४ पासून तिथे असतं, तर खाली मूळ रंगाचा गडद चौकोन दिसायला हवा होता. मग त्यांनी उसवलेला दोरा चिमट्यात धरून जाळला. सुती दोरा जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. हा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. पॉलिएस्टर, म्हणजे युद्धानंतरचं.

जॅकेटं खरी होती, पण साधी. ठिगळं आणि बिल्ले मागाहून शिवलेले. चारही गिऱ्हाइकांना पूर्ण पैसे परत केले. उरलेली ‘बदल केलेली’ अशी लेखी चिठ्ठी लावून पडत्या भावात काढली. ज्याने माल दिला त्याने एक डॉलरही परत केला नाही, उलट जुन्या लष्करी वस्तूंच्या पुढच्या प्रत्येक विक्री-मेळ्यात ‘हे लोक ठिगळं शिवून विकतात’ असं तोच सांगत फिरला. दोन वर्षं लोक आमच्या टेबलापुढून मान वळवून जात. अजूनही काही जण जातात. तो राग गेलेला नाही आणि तो लपवण्याचं आम्हाला कारणही दिसत नाही.

तेव्हापासून पारख ठरलेल्या क्रमाने होते. आधी आतलं लेबल. चार खिशांच्या कोटात ते आतल्या खिशात असतं, त्यावर कंत्राट क्रमांक आणि तारीख असते. मग धुलाईचा शिक्का : आडनावाचं आद्याक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार अंक. मग दहापट भिंगाखाली टाके. बिल्ला काढून परत शिवला असेल तर जुनी रिकामी भोकं दिसतातच. दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्याची कड कापलेली असते. भोवती जाड गोठ घातलेला बिल्ला १९६० च्या दशकापासून रुळला. दिवा शेवटी, आणि तोही शिवणीच्या आतल्या घडीत धरायचा.

‘सरकारी फाइल मागवू’ असं कुणी म्हणालं तर सांगतो, १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान सैन्यातून मुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यात गेल्या. त्यामुळे बहुतेक वेळा कापडावरची खूणच बोलते. ती धुऊन काढू नका. आजोबांचा कोट ड्रायक्लीनिंगला तर मुळीच देऊ नका. लोकरी कोटाला कसर लागली असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा, आणि पिशवी उघडायच्या आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कापडावर पाणी धरतं.

फोटोंचं खातं भागीदाराकडे. अमेरिकी यादवी युद्धातल्या टिनटाइपमध्ये, म्हणजे पत्र्यावरच्या फोटोत, प्रतिमा आरशासारखी उलटी असते, म्हणून पट्ट्याच्या बकलावरची अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नये. कार्डावरच्या फोटोमागे कराचं तिकीट असेल तर तो १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकलेला. पहिल्या महायुद्धातल्या फोटोत खांद्यावर बिल्ला असेल आणि खाली ‘१९१७, निघण्याआधी’ लिहिलं असेल, तर ती ओळ चूक आहे. ते बिल्ले १९१८ च्या शरदात आले. फोटोमागे नाव लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, कडेला, कधीही बॉलपेनने नाही.

ते रेल्वेवाले गृहस्थ एकच गोष्ट जमवतात : दुसऱ्या महायुद्धातल्या चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचे बिल्ले. निळ्या पट्टीवर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. यातले कितीतरी आपल्याकडच्या कारागिरांनी हातांनी केले, म्हणून दोन बिल्ले सारखे नसतात. भिंगाखाली खऱ्या जरीत सुताभोवती गुंडाळलेली चपटी तार दिसते. ती काळी पडलेली असते, मध्येच हिरवट. नकली बिल्ल्याची प्लॅस्टिकची जर काही केल्या काळवंडत नाही. पहिल्यांदा ते बिल्ले आमच्या हातात आले तेव्हा आजीच्या शालूचा काठ आठवला, आणि त्या दिवसापासून त्यांचा भाव करताना आमचा हात जड होतो.

पुढे मेरिल्स मॅरॉडर्स म्हणून ओळखली गेलेली, ब्रह्मदेशात लढलेली अमेरिकी तुकडी ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस मुंबईला उतरली आणि तिथून आधी नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गेली. देवळालीशी जोडलेला एखादा बिल्ला किंवा फोटो मिळावा, एवढंच त्या गृहस्थांचं आमच्याकडे मागणं आहे. अजून आम्हाला ते पुरं करता आलेलं नाही. नाशिककडच्या कुणाच्या घरी तसं काही असेल तर कळवा. कापडावर शिवलेलं असेल तर उसवू नका, पुसू नका, आहे तसंच दाखवा.