महसूल दिला, मालकी कुणाची?

नेरूळला राहतो, न्हावा शेवाला कस्टम क्लिअरिंग करतो. माल कुणाच्या हद्दीतून कसा जाणार, यावर डोकेफोड करणं हा धंदाच. म्हणून दमणजवळच्या, चहूबाजूंनी भारताच्या मुलखाने वेढलेल्या दादरा-नगर हवेलीचं प्रकरण मला भारी आवडतं.

१७७९च्या तहानुसार पेशव्यांनी पोर्तुगीजांना इथली १२,००० रुपये उत्पन्नाची गावं लावून द्यायची होती. महसूल द्यायचा, मुलूख नव्हे. पुढे इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांना मालकच धरलं. दुसऱ्याच्या जिवावर औदार्य!  

१९५४ला गावं पोर्तुगीजांच्या हातून सुटली, भारताने पोर्तुगीजांच्या दमणहून तिथे येणारी वाट अडवली, पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६०चा निकाल मुळातून वाचावा असा आहे. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं, पण इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही ते मानलं होतं! खासगी माणसं, मुलकी अधिकारी, साधा माल यांना वाटेचा हक्क. फौज, हत्यारी पोलीस, दारूगोळा यांना नाही. मग भारताने तो हक्क मोडला का? तर तेही नाही.

असा शेरा आमच्या फाइलवर आला असता, तर साहेबाने ती तोंडावर फेकली असती.