स्कूबाचं कार्ड: सलग कोर्स की टप्प्याटप्प्याने? माझा अनुभव

ओपन वॉटर डायव्हरचं कार्ड, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचं (स्कूबा डायव्हिंगचं) सुरुवातीचं प्रमाणपत्र, मिळालं की सोबत बडी (जोडीदार डायव्हर) असेल तर इन्स्ट्रक्टरशिवाय 18 मीटर खोलीपर्यंत उतरता येतं. ही अट वाचली आणि प्रशिक्षण कुठं, कसं घ्यायचं हा प्रश्न मला एकदम मोठा वाटायला लागला. कार्डाशिवाय केलेल्या हौशी डायव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, हवा किती उरली तेही तोच बघतो. कार्ड घेतल्यावर ते सगळं आपल्यावर, शिवाय बडीचा जीवही काही अंशी आपल्या हातात. म्हणून मी घाई केली नाही.

सुरुवातीला मी हे कार्ड देणाऱ्या प्रशिक्षण संस्थांचीच तुलना करत बसले. पॅडी 1966 सालची, एसएसआय 1970 ची, दोघींचीही कार्डं जगभर चालतात. दोघींचा हा कोर्स आयएसओ 24801-2 या एकाच मानकाला धरून आहे. थिअरी, शांत पाण्यातला सराव आणि मग खुल्या पाण्यातल्या चार डायव्ह हा सांगाडाही सारखाच. तेव्हा लोगो बघून निवडण्यासारखं फारसं काही नव्हतं. खरी निवड होती ती वेळेची आणि शिकवणाऱ्या माणसाची.

एक रस्ता म्हणजे सुट्टीत समुद्राकाठी जाऊन तीन-चार दिवसांत सगळं उरकायचं. दुसरा रेफरलचा: थिअरी ई-लर्निंगने घरी, पूलमधला सराव जवळच्या क्लबमध्ये आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटच्या चार डायव्ह समुद्रावर, दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे. मी रेफरल घेतला. यात एकूण खर्च जास्त होतो, कारण दोन ठिकाणी फी भरावी लागते. तरीही ज्याला पाण्यात सहजपणा यायला वेळ लागतो त्याला मी हाच रस्ता सांगेन.

पहिला फायदा पाण्यात उतरायच्या आधीच कळला. कोर्सच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये गेल्या वर्षभरात वारंवार सायनसचा त्रास झाला का, असा प्रश्न असतो. माझं उत्तर ‘हो’ होतं, आणि अशा वेळी डॉक्टरांची लेखी संमती लागते. घरी असल्यामुळे मी निवांत तपासणी करून सही आणली. हाच फॉर्म सुट्टीच्या पहिल्या सकाळी हातात पडला असता तर डॉक्टर शोधण्यातच दिवस गेला असता. फॉर्म आधीच मागवून घ्या आणि त्यात काहीही लपवू नका.

पोहण्याची चाचणी सोपी होती: 200 मीटर, वेळेची अट नाही, आणि नंतर 10 मिनिटं तरंगत राहणं.

मास्कचं मात्र तसं नव्हतं. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून, नजर किंचित वर करून नाकाने श्वास सोडायचा, की हवा पाणी खालून बाहेर ढकलते. एवढीच कृती. पण नाकाला पाणी लागताच शरीर आपोआप वर झेपावायला बघतं, आणि स्कूबात नेमकं तेच घातक. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. पुढे मास्क पूर्ण काढून किमान एक मिनिट फक्त रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा तोंडाला पुरवणाऱ्या उपकरणातून) श्वास घ्यायचा असतो. माझ्या इन्स्ट्रक्टरने एक अख्खं सत्र यालाच दिलं. आधी उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसून मास्कशिवाय नुसता श्वास, मग थोडं पाणी, मग पूर्ण मास्क. मधल्या आठवड्यात मी घरी भांड्यातल्या पाण्यात चेहरा बुडवून, स्नॉर्केलमधून श्वास घेत बसायचे. पुढच्या सत्रात ती धडधड गेली होती. सलग कोर्समध्ये दुसऱ्या दिवशी बोट सुटणार असते, तिथं हा मधला आठवडा मिळत नाही.

कानांचंही तसंच. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, म्हणून सर्वांत जास्त फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो. दुखायची वाट न पाहता उतरायला लागल्यापासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळतो. सर्दी असेल तर पाण्यात जायचंच नाही. क्लबमध्ये मी एक सत्र सहज पुढे ढकललं.

इन्स्ट्रक्टर निवडताना मी दोनच प्रश्न विचारले. पाण्यात तुमच्याबरोबर किती विद्यार्थी असतात? खुल्या पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे आठपर्यंत विद्यार्थ्यांना पॅडीची परवानगी आहे, पण मला चारपेक्षा जास्त नको होते. आणि एखादं कौशल्य ठरल्या वेळेत जमलं नाही तर? ‘मग कार्ड नाही, पुन्हा यायचं,’ असं स्पष्ट सांगणाऱ्याकडे मी नाव घातलं. ‘सगळ्यांना जमतं, काळजी करू नका,’ हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

रेफरलची कागदपत्रं नीट सांभाळा. पूलमधली कोणती कौशल्यं पूर्ण झाली ते सहीनिशी लिहिलेलं असतं, आणि पॅडीत शेवटच्या सत्रापासून 12 महिन्यांत उरलेला भाग करावा लागतो. समुद्रावरचं केंद्र ती कागदपत्रं स्वीकारतं का, हे तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून घ्या. तिथल्या इन्स्ट्रक्टरने आम्हाला आधी उथळ पाण्यात नेऊन मास्क, रेग्युलेटर, बडीची हवा वापरणं हे सगळं पुन्हा करून घेतलं. मला ते फार आवडलं. पूलमध्ये तळ स्वच्छ दिसतो. समुद्रात लाट तुम्हाला हलवते, समोरचं धूसर असतं, आणि तरंगणं साधायला पुन्हा शिकावं लागतं.

परतीचं विमानही आधीच विचारात घ्या. अनेक दिवस डायव्ह केल्यावर उड्डाणापूर्वी किमान 18 तास थांबायला सांगतात. मी शेवटच्या डायव्हनंतरचा पूर्ण दिवस मोकळा ठेवला, आणि एखादी डायव्ह हवामानामुळे रद्द झाली तर हाताशी असावा म्हणून त्याआधीचाही एक.